गुलाबी इमारत, पिवळं झाड

बाबांनी जन्मभर बस चालवली. अख्ख्या शहराला घरी पोचवलं, आणि मेंदूला झटका आल्यावर स्वतःचंच घर सापडेना. अक्षरं गेली. पाटीकडे बघून नुसते हसायचे. रंग आणि शिव्या मात्र शाबूत.

दादा फोनवर म्हणाला, "आता आणखी एकदा हरवले की वृद्धाश्रम. वाद नको." दादाला वाद नकोच असतो. त्याला बाबाही नकोत, पण ते तोंडाने म्हणायला धमक लागते.

म्हणून मी रंगीत पेन्सिली घेऊन फुटपाथवर बसले आणि बागेपासून घरापर्यंतचा रस्ता काढला. एकेका कार्डावर एकेक वळण. निळ्या खिडक्यांची बँक, वाकडं झाड, आणि शेवटी आमची गुलाबी इमारत, दारात पिवळ्या फुलांनी लगडलेलं झाड. गुलाबी तर असा घोटला की कागद चकाकायला लागला. येणारे-जाणारे "वा" म्हणायचे, मी शेफारायचे. बाबा कार्ड समोर धरायचे, ताडून बघायचे, पुढे निघायचे. एकटे जायचे, एकटे यायचे. दारात पोचले की आरोळी, "शेवटचा स्टॉप!"

मग इमारतीला रंग लागला. करडा. परांची बांधायला झाडाच्या फांद्या छाटल्या. तेवढे दिवस बाबा खोकल्याने अंथरुणात. मी रोज त्या बांबूंखालून जात होते, धुळीच्या नावाने बोटं मोडत होते. पण कार्ड बदलायला हवं, हे या मठ्ठ डोक्यात शिरलं नाही. एकदा चित्र झालं म्हणजे झालं, हा माज.

आज सकाळी ते बरे होऊन फिरायला गेले. दुपार उलटली, पत्ता नाही.

बाग पालथी घातली. बँकेचा शिपाई म्हणाला, "आजोबा ना? कार्ड बघून बरोबर वळले की." वाकड्या झाडाखालचा किल्लीवाला म्हणाला, "तुमच्या दारावरूनच गेले. मी हाक मारली तर माझ्यावरच खेकसले. म्हणे, आमची इमारत गुलाबी आहे, मला शिकवू नकोस."

दादाचा फोन वाजत होता. उचलला नाही.

बाबा घर शोधत नव्हते, माझं चित्र शोधत होते. पिशवीतून गुलाबी पेन्सिल काढली आणि दिसेल त्याच्या नाकासमोर धरत सुटले. "या रंगाची इमारत? दारात पिवळं झाड?" लोक बाजूला सरकायचे. वेडी म्हणाले असतील. म्हणू देत. शेवटी एक पोस्टमन म्हणाला, "पाण्याच्या टाकीमागे आहे एक."

होती. हुबेहूब. तळमजल्याच्या पायरीवर बाबा, मांडीवर कार्ड. दारात एक बाई कमरेवर हात ठेवून.

"तुमचे का हे? सकाळपासून बेल बडवताहेत. वर मलाच विचारतात, तू कोण!"

"बाबा, उठा. घरी चला."

"मग हे काय आहे?" त्यांनी कार्ड नाचवलं. "तूच काढलंयस ना?"

मी करडी पेन्सिल घेतली, कार्ड ओढलं, आणि गुलाबीवर घासत सुटले. घोटलेल्या कागदावर रंग धरेना. टोक नुसतं घसरत होतं. मी जोर लावला, टोक मोडलं. बाबांनी कार्ड हिसकावून छातीशी धरलं.

"माझं घर खराब करू नकोस!"

"हात जोडते बाबा. दादा तुम्हाला वृद्धाश्रमात टाकेल हो."

"मला? माझं घर असताना?" ते हसले. "खुळी कुठली. चावी आहे ना तुझ्याकडे? उघड. पाय दुखताहेत माझे."

चावी माझ्या मुठीत होती. बाई दारातून हलेनात. फोन परत वाजायला लागला. बाबा माझ्या खांद्याचा आधार घेत कसेबसे उठले, कपडे झटकले, आणि दार उघडायची वाट बघत माझ्या मागे उभे राहिले.