अंबूबाईचं बी

कांद्याचं बी घरात नाही, हे कोंडाजीला दिवाळीनंतरच्या बुधवारी सकाळी अकरा वाजता कळलं. मळ्यात सात वाफे बांधून तयार होते. शेणखत मिसळलेलं, ढेकळं फोडलेली, माती पिठासारखी मऊ. आता फक्त रेघा ओढून त्यांत बी फेकायचं, वरून हलका हात फिरवायचा आणि पाणी सोडायचं. दरवर्षी हे काम त्याची बायको अंबूबाई करायची. ती श्रावणात गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. घरातली कुठली वस्तू कुठे आहे, हे सांगायला तिला सवडच मिळाली नाही.

कोंडाजीने माळ्यावरचा डबा काढला. त्यात राख होती. फळीवरच्या बरण्या उघडल्या. मूग, मेथी, हळकुंडं. गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मग तो मधल्या खोलीत आला. तिथे अंबूबाईची पत्र्याची पेटी होती, झाकण उघडं आणि आत काही नाही. ती रिकामी पेटी पाहिली आणि तेव्हा त्याला आठवलं.

पावसाळ्यात बी दमट होऊ नये म्हणून अंबूबाई ते त्याच्याच जुन्या धोतराच्या पिशवीत शिवून टाकायची. ती पिशवी हिरव्या लुगड्याच्या घडीत आणि लुगडं पेटीच्या तळाशी. आणि आज सकाळी नऊ वाजता कोंडाजीने ती पेटी भांडेवालीसमोर रिकामी केली होती.

भांडेवाली वत्सलाबाई पंचवटीची. वर्षातून दोनदा डोक्यावर टोपली घेऊन या मळ्यांवर यायची. जुने कपडे घ्यायची, भांडी द्यायची. अंबूबाई तिच्याशी एका वाटीसाठी तासभर हुज्जत घालायची आणि मग तिला चहा पाजायची. आज ती आली आणि ओट्यावर टोपली उतरवत म्हणाली, "बाई कुठे?" कोंडाजीने सांगितलं. ती टोपलीला टेकून खाली बसली. चांगल्या साड्या तेराव्याला सूनबाईने वाटल्या होत्या. रोजची लुगडी तेवढी उरली होती. कोंडाजीने त्यांचं गाठोडं बांधलं, घडी न उघडता, कारण उघडली असती तर त्याच्याने देणं झालं नसतं. वत्सलाबाईने त्याला एक मोठं पातेलं दिलं. त्याने हुज्जत घातली नाही, तरी तिने त्यावर एक वाटी ठेवली.

आता ते पातेलं ओट्यावर चकाकत होतं आणि कोंडाजी त्याच्या शेजारी डोकं धरून बसला होता.

बांधापलीकडून नवसाबाईने पाहिलं. सत्तरीची बाई, नजर घारीची आणि जीभ त्याहून धारदार. "काय रे कोंडाजी, असा काय बसला? पातेलं चोरून आनलं का काय?"

"मावशी, बी गेलं."

"कोनतं बी?"

"अंबूचं. भांडेवालीला देऊन टाकलं म्या. लुगड्यात होतं."

कमरेवर हात ठेवून नवसाबाईने जी हाक मारली, ती तीन मळे ओलांडून गेली. "मंगले! अगं ए मंगले! वाल्मीकला उठव! गाडी काढ म्हनावं!"

शेजारच्या मळ्यातला वाल्मीक ट्रॅक्टरखाली आडवा होऊन नट पिळत होता. तो हाताला ग्रीस तसंच घेऊन आला. मागून त्याची बायको मंगलाबाई, पिठाचे हात पदराला पुसत. सगळं ऐकल्यावर वाल्मीक म्हणाला, "तात्या, बी तर वणीत दुकानात मिळतं की. पाकीट आनतो, दुपारच्या आत."

"पाकीट मिळंल," कोंडाजी म्हणाला. "ते बी नाय मिळायचं."

वाल्मीकलाही ते ठाऊक होतं. अंबूबाईचा कांदा साठवणीच्या चाळीत दिवाळीपर्यंत टिकायचा. इतरांचा गणपतीतच पाणी सोडायचा. बावीस वर्षं ती दरवर्षी शंभरातला एक कांदा निवडून डोंगळ्याला लावत आली होती, म्हणजे बी धरायला. चाळीत बसून एकेक कांदा हातात फिरवायची, मानेवर अंगठा दाबायची आणि बाजूला ठेवायची किंवा टाकून द्यायची. कोंडाजी तिला म्हणायचा, पोरगी बघायला आलीस का काय. ती म्हणायची, पोरीत चूक झाली तर चालंल.

मंगलाबाईचा फोन तोवर कानाला लागला होता. "हॅलो, शुभे, तुमच्याकडं भांडेवाली आली व्हती का? कधी? दोन परकर? गेली कुठं?" तिने फोन खाली न ठेवताच दुसरा लावला. पलीकडच्या मळ्यातली बाई म्हणाली, आली आणि गेली. तिच्या पलीकडची म्हणाली, आमच्या कुत्र्याने तिला ओट्यावर चढूच दिलं नाही. फाट्यावरच्या रसवंतीवाल्याने पाहिली होती. साडेदहाला काळी-पिवळी जीपमध्ये बसली. रसवंतीवाल्याकडे ड्रायव्हरचा नंबर होता. ड्रायव्हर म्हणाला, "ती ना? पंचवटीत निमाणीच्या थांब्यावर उतरनार हाय. लय घाईत हाय. एक वाजता अंबडचा चिंधीवाला टेम्पो घेऊन येतो म्हनते. सगळी चिंधी त्याला द्यायचीय."

"चिंधी?" नवसाबाई ओरडली. "अंबूची लुगडी मशीन पुसायला?"

कोंडाजीचा मुलगा अमोल अंबडलाच कंपनीत होता. तिथे तेलकट हात कशाने पुसतात, ते कोंडाजीने पाहिलेलं होतं. तो उठला. टोपी घातली. "चल वाल्मीक."

"हात धुवू दे की तात्या."

"येताना धू."

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. वाल्मीकची मोटारसायकल एरवी दुधाच्या कॅनची, पण त्या दिवशी ती अशी सुटली की कोंडाजीने एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने वाल्मीकचा शर्ट धरला. दिंडोरीपर्यंत तो एकदाही "हळू" म्हणाला नाही. म्हाताऱ्याला भीती वाटत नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. द्राक्षाच्या बागा, पेट्रोल पंप, कांद्याचे ट्रॅक्टर मागे पडत होते, आणि वाल्मीक वाऱ्यात ओरडून विचारत होता, "तात्या, किती व्हतं बी?" आणि तात्या ओरडून सांगत होता, "दोन किलो!"

मधेच फोन वाजला. मंगलाबाई. वाल्मीकने गाडी न थांबवता तो मागे दिला. "तात्या, निमाणीच्या मागं भाजीबाजाराकडून डावीकडं दुसरी गल्ली. निळ्या दाराचं घर. शेलारांच्या सुनेचं माहेर त्याच गल्लीतलं हाय. तिच्या आईला दारात उभं केलंय."

गल्लीत शिरले तेव्हा साडेबारा झाले होते. शेलारांच्या सुनेची आई खरोखरच दारात उभी होती आणि हात हलवत होती. निळ्या दारासमोर कपड्यांचा डोंगर, आणि त्यात वत्सलाबाई बसकण मारून लुगडी फाडत होती. कोंडाजीला पाहून ती दचकली. "दादा? पातेलं गळतंय का?"

"हिरवं लुगडं," कोंडाजी धापा टाकत म्हणाला. "त्यात पिशवी."

"हां, ती पिशवी! म्हटलं, बाईच्या लुगड्यांना एवढं वजन कसं. कलौंजी होती ना? शेजारच्या विमलाबाई लोणची करून विकतात, त्यांनी बघितली. म्हणाल्या, मला दे..."

वाल्मीकचं नाक तेवढ्यात वर झालं. पलीकडच्या दारातून खमंग वास येत होता. कांद्याचा, पण भाजल्यासारखा.

"ओ बाई!" तो दारातूनच गरजला. "गॅस बंद करा! गॅस बंद करा!"

आत विमलाबाई कढईत उलथनं हलवत होत्या. ग्रीसने काळे झालेले हात नाचवत आत घुसलेला माणूस पाहून त्यांनी उलथनंच उगारलं. "कोण रे तू? बाहेर हो!"

"मावशी, ते कलौंजी नाय, कांद्याचं बी हाय! माझ्या काकूचं हाय!"

"मग काकूने नीट ठेवावं की!"

"ती गेली," कोंडाजी दारातून म्हणाला.

विमलाबाईंनी गॅस बंद केला. उलथनं खाली आलं. कढईतलं बी चटचटत होतं, ते गेलंच. पण पिशवीत अर्ध्याच्या वर शिल्लक होतं. कोंडाजीने पिशवीत हात घातला. काळं, कोरडं, खडबडीत बी बोटांतून निसटत राहिलं. त्याने मूठ नाकाशी नेली आणि मग पुन्हा आत सोडली. विमलाबाईंनी दोघांना पाणी दिलं. वाल्मीकला साबणही दिला. "भाजलेल्याचं लोणचं घालते, बरणी पाठवते," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी वाया जायला नको."

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवत होता. वत्सलाबाईने ढिगातून हिरवं लुगडं ओढून काढलं. एका बाजूने हातभर फाटलेलं होतं.

"ते तुमचं झालं," कोंडाजी म्हणाला.

"घ्या हो. बी कशात ठेवाल मग पुढल्या पावसाळ्यात?"

त्याने ते घेतलं आणि शर्टाच्या आत पोटाशी धरलं.

परतताना मात्र वाल्मीकने गाडी हळू चालवली, आणि कोंडाजीच्या मनात हिशेब सुरू झाला. सव्वा किलो बी. सात वाफ्यांना पुरायचं नाही. चार होतील. फार तर साडेचार.

मळ्यावर पोचले तेव्हा ओट्यावर बायकांची गर्दी. सकाळी ज्या ज्या मळ्यावर फोन गेला होता, त्या त्या मळ्यावरून कोणी ना कोणी आलं होतं. मधोमध नवसाबाई बसली होती आणि तिच्यापुढे ते नवं पातेलं.

"आनलं का?" ती म्हणाली.

"अर्धं. बाकीचं कढईत गेलं."

"जाऊ दे कढईत. हे बघ." तिने पातेलं पुढे सरकवलं. तळाला काळं बी होतं, बोटभर थराचं. "अंबू दर वर्षी मला मूठभर द्यायची. म्हनायची, मावशी, एका घरी ठेवलेलं बी लय दिस टिकत नाय. मी माझ्या डोंगळ्यात धरलं. हिनंही धरलं. तिनंही धरलं. समद्यांकडं तिचंच हाय. आपापली मूठ घेऊन आल्या बघ."

कोंडाजीला हे ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षांत अंबूबाईने हे त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. तो पातेल्यापाशी बसला आणि पिशवी त्यात ओतली.

"रडतो का काय आता?" नवसाबाई म्हणाली. "ऊन कलतंय. उठ. बी फेकता येतं का तरी तुला?"

"नाय."

"माहीत हाय. शिकवते. ए मंगले, दोरी धर. वाल्मीक, तू पान्याकडं जा. आन बायांनो, एकेक वाफा धरा. रेघ वाकडी गेली तर बोलंन हां मी!"

मग सात वाफ्यांवर सात बायका बसल्या. नवसाबाईने कोंडाजीचा हात मनगटाला धरून हलवला, तेव्हा कुठे बी त्याच्या मुठीतून सारखं पडू लागलं. मंगलाबाई ओरडली, तात्याची रेघ माझ्याहून सरळ आहे. वाल्मीक म्हणाला, तुझी तर संसारातही सरळ नाही. त्याच्या पाठीवर ढेकूळ बसलं. ऊन उतरायच्या आत सगळ्या वाफ्यांत बी पडलं, मातीचा हात फिरला आणि पाणी सुटलं. कोंडाजी बांधावर उभा राहून शेवटच्या वाफ्यात पाणी शिरताना पाहत होता. हिरवं लुगडं अजून शर्टात होतं.

जाताना नवसाबाईने चाळीकडे बोट दाखवलं. "आन डोंगळ्याचं काय? याच पंधरवड्यात लावावे लागतील."

"तुला निवडता येतात का मावशी?"

"मी हाताला येईल तो कांदा डोंगळ्याला लावते, बी तिचंच म्हनून चालतं. निवडायचं काम तिचं व्हतं."

चाळीत पन्नास क्विंटल कांदा पडून आहे. त्यातले बी धरायचे कांदे अजून कोणी निवडलेले नाहीत.