थट्टेचा भाऊ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. एकोणीस वर्षं लुआंग्वा नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात पाहुण्यांना पायी फिरवतोय आणि अजून धडधाकट आहे, तो या संशयाच्या जोरावरच. गवत हललं तर मी वाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. मग दोन महिन्यांपूर्वी उत्तरेकडून बदली होऊन आलेल्या कासोंदेवर कसा ठेवणार?

कासोंदे आमचा बंदूकवाला, वन्यजीव खात्याचा माणूस. चालताना बंदूक सगळ्यांत पुढे, तिच्यामागे मी, मग पाहुणे आणि शेवटी चहाची टोपली घेतलेले म्हातारे तिसाउके. बंदूकवाल्याने हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं. हा गडी आबनुसाच्या राईपाशी आला की रोज हात वर करायचा आणि आम्हाला लांबून वळसा घालायला लावायचा. त्याच बाजूला चोरटे तारेचे फास लावतात, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे.

पहिल्या आठवड्यात तो म्हणाला होता, की आत एक लंगडा रानरेडा बसलाय. “बेम्बांना प्रत्येक खुंटात रेडा दिसतो,” मी म्हटलं आणि अख्खा कॅम्प हसला. तरी मी राईच्या कडेने शेण शोधलं. ताजं कुठेच दिसलं नाही.

तो बेम्बा जमातीचा, मी अंगोनी. आमच्या पणजोबांनी एकमेकांवर भाले चालवले, म्हणून आज आम्ही थट्टेचे भाऊ. वाटेल ते बोलायचं, समोरच्याने राग धरायचा नाही. अगदी मयताच्या दारातसुद्धा. त्यामुळे खरं किती आणि टवाळी किती, कळेल तर शपथ.

त्या सकाळी राईपाशी पुन्हा हात वर झाला.

“आज काय आहे रे तिथं, माकडखाऊ?” मी विचारलं.

“माझे फास आहेत. जा की, बघ. एखादा उंदीर अडकला असेल, तुमच्या अंगोनींची न्याहारी होईल.”

तिसाउके खो-खो हसले. पाहुण्या दोघी बहिणी होत्या. मी त्यांना अर्थ सांगितला, त्याही हसल्या. मीही हसलो. हसावंच लागतं. पण मनात म्हटलं, चोर किती सफाईने खरं बोलतो बघा.

दहाच्या सुमारास नदीकाठी चहाला थांबलो. कासोंदे बंदूक घेऊन तोंड धुवायला खाली उतरला. त्याची पिशवी झाडाला टेकलेली होती, तोंड उघडंच. आत तारेचे सहा फास, नीट गुंडाळलेले. मी बाजूला जाऊन वायरलेसवर कॅम्पला कळवलं, “खात्याची गाडी बोलवा. बंदूकवाल्याच्या पिशवीत फास आहेत.” खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सापडलास बेट्या!

परतताना राईपाशी हात वर झाला. आता मला पुरावा पुरा करायचा होता. पाहुण्यांना तिसाउकेंजवळ वारुळामागे थांबवलं आणि एकोणीस वर्षांत कधी केलं नाही ते केलं. बंदुकीच्या पुढे गेलो.

“जेरे, थांब!”

त्याने मला नावाने हाक मारली, ही पहिलीच वेळ. तरी मी थांबलो नाही. वीसेक पावलं गेलो असेन. समोरचा काळोख उठून उभा राहिला आणि तीन पायांवर माझ्याकडे धावत सुटला. कासोंदेने मला खांद्याने ढकललं. गोळी सुटली. रानरेडा माझ्यापासून हातभर अंतरावर कोसळला. त्याच्या पुढच्या पायात तार हाडापर्यंत रुतली होती.

कासोंदेने बंदूक खाली टेकवली. “सांगितलं होतं मी. जनावरांचा डॉक्टर पाठवा म्हणून ऑफिसात दोनदा अर्ज दिला. उद्या यायचा होता.” मग पिशवीतून तारांचं ते भेंडोळं काढून त्याने माझ्यापुढे धरलं. “असलेच आज पहाटे ओढ्याकाठचे सहा काढलेत. संध्याकाळी जमा करतो.”

मला त्याच्याकडे बघवेना. गाडी नको म्हणून सांगायला बाजूला जाऊन वायरलेस लावला. कॅम्पवरून उत्तर आलं, “गाडी येऊन उभी आहे.”

कॅम्पमध्ये खात्याची हिरवी जीप आणि दोन साहेब होते.

“आता कुणाचं काय झालं?” कासोंदेने विचारलं.

“तुझ्यासाठी आलेत,” मी म्हणालो. “मी बोलावलं. तुझ्या पिशवीतल्या तारा बघून.”

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. “अरे उंदीरखाऊ! आत्ता जीव वाचवला, लगेच थट्टा? शोभतोस माझा भाऊ!” त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. तिसाउकेही हसायला लागले.

“खरं सांगतोय रे.”

“सांग, सांग!”

साहेब पुढे आले. “कासोंदे, बंदूक इकडे दे. आणि ती पिशवी.”

“साहेब, चूक माझी आहे, त्यानं काही—” मी मध्ये पडलो.

“तुमचं नंतर ऐकू.”

कासोंदेने बंदूक दिली. पिशवीचा पट्टा खांद्यावरून उतरवताना त्याने माझ्याकडे पाहिलं. हसू अजून तोंडावर होतं, फक्त त्याचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

“जेरे?” तो म्हणाला.

त्या दिवसातली ही दुसरी वेळ.