मागून हाक येते

आमच्या शोएबच्या अब्बांना सगळं दासगाव भाव करायला घेऊन जायचं. कुणाचं जुनं इंजिन असो, सागाचा दरवाजा असो, लग्नाचं मटण असो, "जहांगीरभाईंना घ्या सोबत" म्हणायचे लोक, आणि हे हातातलं काम टाकून निघायचे. स्वतःचे दोन रुपये वाचले नाहीत तरी चालेल, पण दुसऱ्याचे दोनशे वाचवून आले की त्या दिवशी भाकरी जास्त जायची. तीस वर्षं गवताचा धंदा केला. कापडे गावाच्या वर डोंगरातल्या वाड्यांवर जायचं, उभं गवत बघायचं, भाव पाडायचा, कापून बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं. रीत एकच. निम्मा भाव सांगायचा, मग उठायचं. मागे न बघता टेंपोपर्यंत चालायचं. टेंपोच्या दाराला हात लागायच्या आत मागून हाक येते. "यायलाच हवी," हे म्हणायचे, "माल उशाशी घेऊन झोपणार हाय काय तो?"

ह्या रीतीत माझंही काम ठरलेलं होतं. तेही सांगते, नाहीतर सगळं त्यांच्याच माथी मारल्यासारखं होईल. मोठ्या खरेदीला मी बरोबर असायचे. वस्तू आवडली तरी तोंड वाकडं करून बसायचं, आणि यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला की म्हणायचं, "उठा, आपल्याला नको." एवढंच माझं वाक्य. फ्रीज, शिलाई मशीन, शोएबच्या निकाहचे दागिने, सगळं त्या एका वाक्यावर घेतलं. आणखी एक नियम होता. दुकानदाराने फोन नंबर मागितला तर खरा द्यायचा नाही. नंबर दिला की तो घरी बसून सतावतो आणि आपली गरज ओळखतो, असं यांचं म्हणणं. म्हणून पुरात वाहून गेलेल्या जुन्या फोनचा नंबर हे सगळीकडे द्यायचे. दहा आकडे, एका दमात.

आता शगुफ्ताचं सांगते. आमची धाकटी, चोवीस वर्षांची. जन्मापासून पाय चालत नाहीत, डोकं मात्र आम्हा दोघांचं मिळून होईल त्याच्या चौपट. घरी बसून बी.ए. केलं, ग्रंथालयाचा कोर्स केला. लहान होती तोवर मी कडेवर न्यायचे, हे पाठीवर न्यायचे. आता तिला उचलणं माझ्याच्याने होत नाही आणि यांची कंबर गेल्या वर्षी गेली. रिक्षात तिला बसवता येत नाही, एसटीचं तर नावच नको. एकदा गवताच्या टेंपोत चाकाच्या खुर्चीसकट दोरीने बांधून दवाखान्यात नेली, तर नाक्यावरचे लोक चहाचे कप हातात धरून बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाली, "अम्मी, आता मी मेले तरच मला टेंपोत घाला." त्याला चौदा महिने झाले होते. चौदा महिने पोरीने उंबरा ओलांडला नव्हता.

आणि अशात नाते गावातल्या एका शाळेतून तिला नोकरी आली. शाळेची वाचनालयाची खोली सांभाळायची, पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायची. पगार म्हणाल तर फार नाही. पण त्या मुख्याध्यापिका विनीता मॅडम स्वतः घरी आल्या, शगुफ्ताशी दोन तास बोलल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, "खोली तळमजल्यावर आहे, खुर्ची आत जाईल. फक्त रोज यायला हवं." मग दोन महिने त्यांनी जागा अडवून धरली. शेवटी फोनवर स्पष्ट सांगितलं की एक तारखेला शगुफ्ता हजर नसेल तर पोलादपूरची दुसरी मुलगी घ्यावी लागेल, संस्थेचे लोक विचारतायत. बाई चांगली, तिला मी कधी नावं ठेवणार नाही.

म्हणून गाडी. शोएबने दोह्याहून पैसे पाठवले, यांनी टेंपो विकला. महाडला हायवेच्या शोरूममध्ये एक पांढरी सात माणसांची व्हॅन उभी होती. सरकता दरवाजा, बैठी जमीन. मधली सीट काढली आणि लोखंडी फळी लावली की खुर्ची ढकलत आत. शगुफ्ताने मोबाइलवर सगळी मापं काढली होती, खुर्चीची रुंदी, दाराची रुंदी, चार बोटं जागा उरते म्हणाली. ती चार बोटं तिने मला दहा वेळा दाखवली असतील.

वीस तारखेला आम्ही निघालो. गाडी त्या दिवशी ठरवली तर नंबर वगैरे पडून अठ्ठावीस-एकोणतीसला हातात येणार होती. म्हणजे हातात फार दिवस नव्हते, हे तिघांनाही माहीत होतं. दारात शगुफ्ता म्हणाली, "अब्बा, आज भाव करायला जाऊ नका. गाडी आणायला जा."

"बरं बरं," हे म्हणाले, आणि टोपी नीट केली. टोपी नीट केली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शोरूममधला मुलगा निषाद म्हणून होता. पंचविशीचा, अदबीचा. "या चाचा, या चाची" करून त्याने थंड पाणी दिलं, गाडी उघडून दाखवली. मी आत हात फिरवला. दरवाजा सरकवला तर एका बोटाने सरकला. मला एकदम रडू आलं, पण तोंड वाकडं करायचं माझं काम, म्हणून वाकडं केलं.

"चाचा, आत्ता ही एकच आहे," निषाद म्हणाला. "पुढची गाडी अडीच महिन्यांनी येणार, आणि तेव्हा किंमत वाढलेली असेल."

यांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. एकच शिल्लक आहे हे तर हे स्वतः तीस वर्षं तबेलेवाल्यांना सांगत आले. स्वतः जे खोटं बोलतो ते दुसरा खरं बोलेल असं माणसाला वाटतच नाही.

"तीस हजार सोड," हे म्हणाले, "आणि पोरीच्या खुर्चीसाठी फळी फुकट बसवून दे."

"पंधरापर्यंत माझ्या हातात आहे, चाचा. फळीचं वेगळं पडेल. जास्तीचं पनवेलच्या साहेबांना विचारावं लागेल. तुमचा नंबर देता?"

यांनी नंबर दिला. दहा आकडे, एका दमात. निषादने ते वहीत लिहून घेतले आणि परत वाचून दाखवले. "बरोबर," हे म्हणाले. आणि मग डावा हात उचलून गुडघ्यावर ठेवला.

मी खरं सांगते, तेव्हा मला आठवण होती. एक तारखेची आठवण होती, चार बोटांची होती. पंधरा सुटतायत, फळी आपण लोहाराकडून करून घेऊ, एवढं मला सहज म्हणता आलं असतं. पण तो हात गुडघ्यावर आला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "उठा," मी म्हणाले, "आपल्याला नको ही गाडी."

निषादचं तोंड उतरलं. "चाची, पाच मिनिटं बसा तरी."

पण आम्ही उठलो होतो. उठल्यावर बसायचं नसतं.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे. तिच्या आडोशाला, एका उभ्या ट्रेलरमागे हे मला घेऊन बसले. वाट बघताना दिसायचं नाही, हाही नियमच. ट्रेलरच्या चाकांमधून शोरूमची काच दिसत होती. दहा-पंधरा मिनिटांत निषाद काचेपाशी आला, फोन कानाला लावून. रस्त्याकडे बघत होता. मग फोन खाली घेतला.

"बघ गो," हे खूश होऊन म्हणाले, "वर विचारतोय. पाघळला."

परत थोड्या वेळाने तो आला, परत फोन कानाला. असं चार वेळा झालं. मी म्हटलं, "अहो, जाऊ या का आत? एवढा फोन करतोय बिचारा."

"वेडी हायेस काय? फोन करतोय म्हणजे भाव उतरतोय. आता जो आत गेला तो हरला. रस्त्यावर येऊन हाक मारील बघ."

दोन-दोन चहा झाले. उन्हं कलली. निषाद रस्त्यावर आला नाही. टपरीवाला आमच्याकडे बघायला लागला तेव्हा हे उठले. "उद्या येऊ," म्हणाले. "रातभर झोप नाय लागणार त्याला."

झोप शगुफ्ताला लागली नाही. "किती कमी झाले?" तिने विचारलं होतं. हे म्हणाले, "उद्या कळेल." तिच्या अंथरुणात मोबाइलचा उजेड बराच वेळ होता.

दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या आधीच आम्ही दारात. यांनाही आतून काहीतरी लागलं असावं, कारण येताना रिक्षात मला म्हणाले, "पंधरा तर पंधरा. घेऊन टाकू." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

पांढरी गाडी जागेवर होती. पण तिच्या काचेवर कागद चिकटवला होता.

निषाद आम्हाला बघून उभाच राहिला. "चाचा, कुठे होता तुम्ही? तुम्ही बाहेर पडलात आणि दहाव्या मिनिटाला साहेबांचा होकार आला. तीस हजार आणि फळी, दोन्ही. तुमच्या मुलीचं सांगितलं मी त्यांना. मी चार वेळा फोन लावला तुम्हाला. नंबर लागतच नव्हता. पत्ता नव्हता माझ्याकडे. सात वाजेपर्यंत गाडी थांबवून ठेवली चाचा, मग कापड्याचे रावजी म्हणून आले, त्यांनी पूर्ण किमतीत बुक केली."

त्याने वही पुढे केली. आमच्या नंबरापुढे चार फुल्या होत्या, चार वेळा लावल्याच्या. हे त्या फुल्यांकडे बघत राहिले. मी यांच्याकडे बघितलं नाही. काचेपाशी उभा राहून तो पोरगा आम्हालाच फोन लावत होता, आणि आम्ही समोर बसून चहा पीत त्याची मजा बघत होतो.

निषादने आमच्यासाठी रावजींना फोन लावला. त्यांची म्हातारी आजारी, दर आठवड्याला मुंबईला न्यावी लागते. माफ करा म्हणाले. त्यांना काय म्हणणार? त्यांच्याही घरात माणूसच पडलं होतं. मग पनवेल, चिपळूण, सगळीकडे विचारून झालं. कुठेही दोन महिन्यांच्या आत गाडी नव्हती. भाड्याची मोठी गाडी रोज करायची तर महिन्याला पगाराच्या दुप्पट, आणि तिच्यात खुर्ची जात नाही ती नाहीच. येताना मी रस्त्यातूनच विनीता मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "शमसुन्निसाताई, आता माझ्या हातात राहिलं नाही हो."

घरी शगुफ्ता खुर्चीत दाराशीच होती. आमची तोंडं बघून तिला कळलं असणार, तरी विचारलं, "गाडी?"

हे आत गेले, मोरीत हातपाय धुत राहिले. सांगावं मलाच लागलं. मी सगळं सांगितलं, माझं वाक्यसुद्धा. काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि खुर्चीच्या चाकावरचा चिखल नखाने काढत होती. त्या टेंपोच्या दिवसाचा चिखल, दगडासारखा झालेला.

"म्हणजे अब्बांनी जेवढं मागितलं तेवढं सगळं मिळालं होतं?"

"हो."

"फळीसकट?"

"हो गो."

मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबला. शगुफ्ता मोठ्याने म्हणाली, आत ऐकू जाईल अशी, "मग अब्बा, तुम्ही जिंकलात."

तिने एवढं म्हटलं आणि खुर्ची वळवून आतल्या खोलीत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे बराच वेळ मोरीतून बाहेर आले नाहीत. मीही गेले नाही बघायला. मला राग यांचा आला होता की माझा, अजून ठरवता येत नाही.

एक तारखेला पोलादपूरची ती मुलगी रुजू झाली. देवश्री तिचं नाव. विनीता मॅडमनी तिला शगुफ्ताचा नंबर दिलाय, कॉम्प्युटरवर अडलं की ती विचारते. शगुफ्ता नीट समजावून सांगते, न चिडता. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडते. गाडीचे पैसे बँकेत होते तेही महिन्याभरात गेले. शोएबची कंपनी बंद पडली, तो परत आला, आणि टेंपोचे थोडे सोडले तर पैसे त्याचेच होते.

यांना आता कुणी भाव करायला बोलावत नाही. बोलावलं तरी हे जात नाहीत. मासळीवाली जे सांगेल ते देतात. परवा कंबरेच्या गोळ्या आणायला आम्ही दोघं मेडिकलमध्ये गेलो. बिलासाठी त्या बाईने नंबर विचारला. यांनी सवयीने आकडे म्हणायला सुरुवात केली, चार आकडे झाले आणि थांबले. बाई पेन धरून वाट बघत होती. हे माझ्याकडे वळले. पाच वर्षं खिशात असलेल्या फोनचा खरा नंबर त्यांना पाठच नव्हता. तो कधी कुणाला दिलाच नव्हता.

मलाही येत नव्हता. "शगुफ्ताला विचारावा लागेल," मी म्हणाले.

"नको," हे म्हणाले. "तिला नको विचारू." आणि गोळ्या घेऊन आम्ही निघालो.