पार्टेवरचं नाव

बोहुशचा फोन आला तेव्हा द्राहोमीरा चुलीपाशी उभी राहून आलुबुखारांचा मुरंबा ढवळत होती. ओलोमोउत्समधल्या त्यांच्या इमारतीत फोन एकच, तळमजल्यावरच्या व्लास्ताबाईंकडे. हाताला चिकटलेला पाक पदराला पुसावा तसा एप्रनला पुसत ती खाली गेली. बोहुश व्हिएन्नाहून बोलत होता. ओताकार गेला होता. सीमेपलीकडे ग्रात्समध्ये, स्वतःच्या गॅरेजात, बसल्या जागी. शुक्रवारी अकरा वाजता माती.

ओताकार तिचा थोरला भाऊ, आणि बोहुश त्याचा शाळेपासूनचा मित्र. बावीस वर्षांत तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मी येते," ती म्हणाली.

"कशाला येतेस, द्राहा? पाऊस लागलाय सगळीकडे. तिथंच एक मेणबत्ती लाव."

"तुला पार्टे आलं असेल ना?"

"आलं होतं," बोहुश म्हणाला. "भिजलं. टाकून दिलं."

हे तिला खटकलं. काळ्या किनारीचं ते छापील पत्र कुणी टाकत नाही. घरात कुणी गेलं की पार्टे छापायचं, नात्यागोत्यात पोस्टानं पाठवायचं, चर्चबाहेरच्या फळीवर लावायचं. आणि आलेलं पार्टे प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवायचं, ही पद्धत. वाचणारे ते खालून वर वाचतात. गेलेल्याचं नाव तर कानावर आलेलंच असतं. मागे राहिलेल्यांत कुणाचं नाव घातलं आणि कुणाचं गाळलं, ते आधी पाहतात. त्यांच्या गल्लीत हवेलकाबाईंच्या पार्टेवरून धाकटी सून गळली, तर लोकांना दहा वर्षं विषय पुरला.

द्राहोमीराला तेच पाहायचं होतं. पार्टे बायको छापून घेते, पण नवऱ्यानं घरात जी नावं घेतली तीच तिला ठाऊक असतात. खाली 'बहीण द्राहोमीरा' असं असेल, तर ओताकारनं माफ केलं होतं. नसेल, तर नाही.

अडुसष्ट साली परक्या सैन्याचे रणगाडे देशात घुसले त्या ऑगस्टात ओताकार पाठीला एक पिशवी लावून निघून गेला. जाताना लाल जावाची किल्ली त्यानं तिच्या हातात ठेवली. ही मोटारसायकल दोघांची होती. पैसे त्याचे, पण रविवारी चालवायची ती. "आईचं आवरलं की ये मागोमाग," तो म्हणाला होता. "सीमा अजून उघडी आहे." आई त्याच हिवाळ्यात गेली. मग द्राहोमीरा आज निघू, उद्या निघू करत राहिली, आणि पुढच्या शरदात सीमा बंद झाली. वर्षभरानं, ती शिकवायची त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिच्यापुढे एक कागद सरकवला. देशाला दगा देऊन गेलेल्या भावाशी माझा कसलाही संबंध उरलेला नाही. खाली सहीची जागा. दुसरीच्या वर्गाची घंटा झाली होती, मुलं दाराशी गलका करत होती. तिनं सही केली आणि वर्गावर गेली.

अशा गोष्टी भिंतींमधूनही पलीकडे जातात. त्यानंतर ओताकारचं पत्र आलं नाही. गेल्या डिसेंबरात सीमेवरच्या तारा कापल्या गेल्या, तेव्हापासून तिनं तीन पत्रं टाकली होती. एकाचंही उत्तर नव्हतं.

गुरुवारी पहाटे तिनं गाडी बाहेर काढली. व्लास्ताबाई खिडकीतून म्हणाल्या, "अगं, आगगाडी नावाची गोष्ट असते. चोपन्न वर्षांची झालीस."

"त्यानं याच गाडीवर ये म्हटलं होतं."

"त्याला किती दिवस झाले ते बघ."

ते ती बघतच होती. ब्रनोत पाऊस असा होता की ट्रामचे दिवे तेवढे हलताना दिसत होते. ओल्या दगडी रस्त्यावर रूळ काचेसारखे चमकत होते. रूळ तिरके ओलांडायचे नाहीत, सरळ कापायचे, हे ओताकारनं तिला कानाला धरून शिकवलं होतं. मिकुलोवच्या सीमानाक्यावरच्या शिपायानं तिचं पारपत्र पाहिलं, मग गाडी पाहिली.

"बाई, ही व्हिएन्नापर्यंत जाईल?"

"मी गेले तर तीही जाईल. थंडीत दोघींनाही सुरू व्हायला वेळ लागतो, एवढंच."

तो हसला आणि त्यानं आडवा दांडा वर केला. फक्त एवढंच. एक दांडा वर झाला. या दांड्यापायी तिनं सही केली होती. पुढे किती तरी मैल तिला रस्ता नीट दिसला नाही. पावसामुळे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

व्हिएन्नात बोहुशच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत तिनं कपडे वाळत घातले. बोहुशनं गूलाशच्या रश्शाचं ताट पुढे ठेवलं. तो आणि ओताकार एकत्रच पळाले होते.

"एवढी भिजलीयेस की पिळली तर डॅन्यूबला पूर येईल."

"कागदावर काय होतं, बोहुश?"

"द्राहा, जेव."

"माझं नाव नव्हतं. म्हणून टाकून दिलंस ना?"

बोहुश पावाचा तुकडा ताटात फिरवत बसला. "नाव होतं," तो म्हणाला. मग उठून त्यानं इस्त्री तापत ठेवली.

नाव होतं. त्या दोन शब्दांवर द्राहोमीरानं दुसऱ्या दिवशी सेमरिंगचा घाट चढला. धुकं चाकांशी लोळत होतं, हातमोज्यांतून पाणी ओघळत होतं, समोरून येणारे ट्रक तिला चिखलानं न्हाऊ घालत होते, आणि ती हेल्मेटात गुणगुणत होती. माफ केलं होतं तर. बायकोला सांगितलं होतं, मला एक बहीण आहे म्हणून.

ग्रात्सच्या दफनभूमीबाहेर ती पोचली तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. फळीवर काचेमागे पार्टे होतं. तिनं सवयीनं खालून वाचलं. पत्नी वाल्ट्राउट. मुलगी बिर्गिट. सर्व नातेवाईक. तिचं नाव नव्हतं. मग ती वर सरकली. ओताकारच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: आधीच निवर्तलेले आई, वडील आणि बहीण द्राहोमीरा यांच्यामागून ते गेले.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. जर्मन तिला चांगलं येत होतं.

"आत या ना, भिजताय," मागून कुणी म्हणालं. काळ्या कोटातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी छत्री पुढे करत होती. हनुवटी थेट ओताकारची. "मी बिर्गिट. तुम्ही बाबांच्या कोण?"

द्राहोमीराच्या तोंडात उत्तर तयार होतं, रात्रीपासून घोळवलेलं.

"ओलोमोउत्सहून आले," ती म्हणाली. "शेजारी होतो. एकाच जिन्यातले."

मुलीचा चेहरा उजळला. "मग तुम्ही आत्याला पाहिलं असेल."

"पाहिलंय."

"बाबा दर जुलैत तिच्या वाढदिवसाला मेणबत्ती लावायचे. आम्हाला कुणाला बोलू द्यायचे नाहीत त्या दिवशी."

"या जुलैत?"

"लावली की. या वर्षी तर दिवसभर गॅरेजातून बाहेरच आले नाहीत."

तिसरं पत्र मे महिन्यात टाकलं होतं. द्राहोमीरानं फळीच्या कडेला हात टेकला.

"ती बाबांच्या मागोमाग निघाली होती ना," मुलगी हळूच म्हणाली, "मोटारसायकलवर, एकटीच. सीमेवर गोळ्या घातल्या तिला. बाबा म्हणायचे, आमच्या घरात शूर ती एकटीच. खरंच तशी होती?"

आत ऑर्गन सुरू झाला. दारातून वाल्ट्राउटनं मुलीला खूण केली. मुलगी मात्र उत्तरासाठी थांबली होती, ओठ किंचित उघडे ठेवून. सबंध लहानपण ज्या आत्याच्या गोष्टीवर गेलं, तिला पाहिलेलं कुणी आज पहिल्यांदाच भेटलं होतं.

"हो," द्राहोमीरा म्हणाली. "तुझे बाबा म्हणायचे तशीच."

शवपेटी खाली सोडल्यावर माती टाकायला लोक ओळीनं उभे राहिले. आधी घरचे, मग नातलग, मग शेजारी, मग कामावरचे. बिर्गिटनं मागे वळून तिला शेजाऱ्यांत येण्याची खूण केली. द्राहोमीरानं नकारार्थी मान हलवली, आणि पावसात सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली.