दम कधी द्यायचा

उमरीच्या लग्नात बिर्याणीचा लगदा झाला, तेव्हा नजीरनं आधी लाकडाला शिव्या घातल्या, मग तांदळाला आणि शेवटी भाचा यासेरला, सगळ्या वऱ्हाडासमोर. यासेरनं झारा धुऊन टेम्पोत टाकला आणि पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसला.

नजीर मुखेडचा जुना भटारी. त्याच्या हातची बिर्याणी खाल्ली नाही असं घर तालुक्यात विरळाच. पण या हंगामात तीन लग्नं बिघडली, तिन्हीकडं भाताचा गिचका झाला.

दुसऱ्या दिवशी शकिलानं चहा पुढं ठेवला. बायकोच ती, तिला कसली भीड! "सगळ्यांच्या चुका मोजून झाल्या. तुमची कुठं होती, ते कधी इचारलं का?"

तो चहा न पिताच उठला. पण बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. दुपारी परसात त्याची माणसं बिर्याणीच्या डेगा घासायला जमली. यासेर आला नव्हता. नजीर पालथ्या डेगीवर बसला आणि म्हणाला, "तिन्ही जागी काय चुकलं? खरं सांगा."

सगळे डेगा घासतच राहिले. त्याचा जीव नुसता जळत होता. "मुके झालेत का समदे?"

"सांगितलं की अंगावर येता, नजीरभाई," शेषेराव म्हणाला. वीस वर्षं तो नजीरच्या चुलीचा जाळ सांभाळत होता. "वरातीचा पत्ता न्हाई, आन् लग्नघरच्या मालकानं घाई केली की तुम्ही झाकण लावून दम देऊन मोकळे. दोन-दोन घंटे भात आतल्या आत शिजत राहतो. उमरीत यासेर म्हणाला, मामू, थांबा. तुम्ही काय म्हणालात?"

"मला शिकवतो का," नजीर पुटपुटला. मग शेषेरावकडं वळला. "चुकलं माझंच. आता नवरदेव मांडवात आल्याबिगर दम न्हाई. मी ऐकलं न्हाई तर माझा हात धर."

पुढचं लग्न जळकोटचं. मुलीचा बाप मुनीब तीनदा चुलीपाशी आला. "भाई, पाहुणे भुकेजले. दम द्या!"

'हाव, देतो' अगदी जिभेवर आलं होतं. शेषेरावनं नुसती मान हलवली.

"नवरदेव येऊ द्या," नजीर म्हणाला.

वरात दीड तास उशिरा आली. त्यानंतर दम दिला. झाकण उघडलं तर भाताचं शीत न् शीत मोकळं! पण पाहुणे ताटकळून वैतागले होते. नजीर निरोप घ्यायला गेला, तर मुनीबनं सलामसुद्धा घेतला नाही.

नजीरनं तिथूनच यासेरला फोन लावला. "बेटा, उमरीत तुझंच बरोबर होतं. परत ये."

"नांदेडच्या भटाऱ्याला शब्द दिलाय, मामू," तो शांतपणे म्हणाला. "हेच तिथं चारचौघांत म्हणाला असतात, तर कशाला गेलो असतो?"

नजीरनं मोबाईल पोत्यावर आदळला. बिर्याणी चांगली झाली, तरी मालक रुसला आणि भाचाही गेला. काय मिळालं शहाणं होऊन?

शेषेराव विचारायला आला, "रविवारी देगलूरला किती डेगा न्यायच्या?"

"आधी बस," नजीर त्रासून म्हणाला. "आज काय चुकलं, ते सांग."

"मालकाला सकाळीच सांगाय पाहिजे होतं, वरात आल्यावर तासाभरानं जेवण म्हणून."

नजीरच्या कपाळावर आठी चढली. "ते तू सकाळीच का न्हाई बोललास?" असं तो म्हणणारच होता. शब्द गिळून त्यानं देगलूरच्या मालकाचा नंबर शोधायला घेतला.