मुका मध्यम

मी पेटी बोलतेय. नांदुऱ्याच्या जानरावांची हार्मोनियम. एरवी कोणी बोटं टेकवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, पण ही गोष्ट आता पोटात ठेववत नाही.

जानराव जिनिंगमध्ये कापसाच्या यंत्रावर कामाला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली त्यांनी मला अकोल्याहून रेल्वेने आणलं, सगळी वाट मांडीवर धरून. त्यांची गायन पार्टी होती. ते पेटीवर, धाकटे भाऊ गुलाबराव ढोलकीवर आणि गाणारी त्यांची बायको पंचफुला.

एका बँडमास्तराने जानरावांना चार सूर एकदम दाबायला शिकवलं होतं. प, नि, रे आणि वर म. डॉमिनंट सेव्हन्थ म्हणतात म्हणे त्याला. पहिले तिघे गुमान बसतात हो. पण म येऊन टेकला की माझा जीव खालीवर होतो. नि ला वर सा कडे पळायचं असतं, म ला खाली ग कडे. त्या घालमेलीतच पंचफुला आपला सा उचलायची आणि मला हायसं वाटायचं.

चौथ्या वर्षी माझा तो म बिघडला. न दाबताच रेकत राही. जानराव त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जयंतीला उंद्रीत दोन पार्ट्यांचा सामना ठरला. जानराव कामावर असताना गुलाबरावांनी मला उघडलं, म च्या भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि सांगायचं विसरले. अशी डागडुजी आमच्याकडे सगळेच करतात.

उंद्रीच्या मांडवात जानरावांनी चार सूर दाबले. वाजले तीनच. पंचफुलाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. करंगळी म वर घट्ट, आणि चेहरा अगदी निवांत. त्या क्षणी तिला कळलं की यंत्रांच्या खडखडाटाने नवऱ्याचे कान नेले आहेत. बोलणाऱ्याचे ओठ पाहून तो वेळ निभावतो आहे. त्या धक्क्यात तिचा सा उचलायचा राहूनच गेला. त्यांनी पुन्हा सूर दिला, परत दिला. लोक हसायला लागले.

"इसरली काय वो? तीन येळा सूर देल्ला म्या!" जानराव भरल्या मांडवात ओरडले.

खरं सांगितलं असतं तर बहिऱ्या पेटीवाल्याला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

"सूर बराबर होता," ती म्हणाली. "माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

मला असा संताप आला! पण भात्यात हवा नसताना मी काय बोलणार?

घरी गुलाबराव रडकुंडीला आले. "वैनी, कागद म्या टाकला होता. दादाले सांगतो."

"नका सांगू भाऊ. मंग ते इचारतील, मले काऊन आयकू नाही आलं?"

तिने स्वतःच बोळा काढला आणि म गुपचूप दुरुस्त करून घेतला. पार्टीने दुसरी गाणारी आणली. पंचफुला पुन्हा मांडवात गेली नाही.

परवा दुपारी जानराव मला पुसत बसले होते. त्यांच्या पाठीमागे पंचफुला तूर पाखडत गात होती, अगदी मोकळ्या गळ्याने. मान न वळवता ते म्हणाले, "त्या दिसापासून गाणं सोडलंच काय वो तुनं? येवढा राग हाय माह्यावर?"

ती गातच राहिली. तिच्याने काही सांगवत नाही. तुम्ही कोणी त्या घरी गेलात तर जानरावांच्या समोर बसा आणि ओठ नीट दिसतील असं, एवढंच सांगा, की ती गातेय.