चौथी खुंटी

आमच्या जर्दाळूच्या बागेच्या हद्दीची चौथी लाकडी खुंटी पुरात वाहून गेली, असं शेजारचे तोजिद्दीन अका इस्फारा गावभर सांगत सुटले होते. बाग तिरकी आहे, पण समोरासमोरच्या बाजू समांतर आणि सारख्याच. तीस वर्षं शाळेत मुअल्लिमा म्हणून गणित शिकवलंय मी, मला काय सांगतात!

"तीन खुंट्या जागेवर आहेत ना? मग चौथी जाते कुठे!" मी म्हणाले.

"मुअल्लिमा, हा फळा नाही, जमीन आहे," अका हसले.

मी पहिल्या खुंटीपासून दुसरीपर्यंत पावलं मोजली: ऐंशी पूर्वेला, दहा उत्तरेला. मग तिसरीपासून तेवढीच उलटी चालले: ऐंशी पश्चिमेला, दहा दक्षिणेला. शेवटचं पाऊल थेट अकांच्या नव्या तंदूरपाशी पडलं.

"खुंटी इथे होती," मी म्हणाले. "खणून बघू."

अका तंदूरपुढे आडवे उभे राहिले. "पावलं चुकली असतील तुमची!"

पिठाचे हात पुसत त्यांची बायको बाहेर आली.

"मुअल्लिमाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण खणून काय मिळणार? या तंदूरमधला पहिला नान त्याच खुंटीच्या जाळावर भाजलाय यांनी."